घोड्याचं पोट आणि लोकांचं पुण्य

पुण्यात घोडा बाळगणाऱ्याला चोराची भीती नसते. भीती असते ती पुण्यवान माणसाची. सकाळी सातला तबेल्याच्या फाटकाशी कोणीतरी पिशवी घेऊन उभंच असतं. पिशवीत रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, गुळाचा खडा, फ्लॉवरचे दांडे. "टाकवत नाही हो. मुक्या जिवाच्या तोंडी लागेल." मुका जीवही एक नंबरचा नाटकी! आठवडाभर चंदी (दाण्याचा खुराक) न मिळाल्यासारखी मान लांब करतो आणि काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आणतो.

मग मी समजावायला लागतो. काकू, एवढं धूड दिसतंय खरं, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. दिवसभर थोडंथोडं चघळत राहायचं, अशी त्याची रचना. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी झडप इतकी घट्ट, की गेलेलं वर येत नाही. पिठाचं खाणं एकदम जास्त झालं, की न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे आंबतं, गॅस धरतो. पुढे पोटशूळ, नाहीतर खुरांचा दाह. खुरं तापतात आणि घोडा पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून अवघडून उभा राहतो. काकू सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण गाय तर खाते!"

या युक्तिवादाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

किती घालायचं, याचं गणित मात्र आहे. त्यासाठी वजन हवं. एवढा मोठा काटा आणायचा कुठून? छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी मोजायची. शिंप्याची टेप १५० सेंटिमीटरला संपते आणि घोडा संपत नाही, म्हणून सुतळी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५५ सेंटिमीटर असेल, तर साधारण ३५५ किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे सव्वापाच ते सात किलो. चंदी नंतर, ती कामाच्या मानाने. भरडलेले ओट किंवा जव, थोडा भिजवलेला हरभरा, एका वेळी दीड किलोच्या आत. नुसता उभा राहणाऱ्या घोड्याला वैरण पुरते. मीठ ३० ग्रॅम, पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खाण्यात बदल करायचा तर सात-दहा दिवस घेऊन.

गव्हाचा कोंडा स्वस्त आणि हलका, म्हणून लोक घमेल्याने ओततात. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. महिनोन्‌महिने तेच चाललं, तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं आणि तोंडाची हाडं सुजतात. लसूणघासाचा हिरवा चारा सोबत असला, तर तोल बराच सांभाळला जातो.

सर्वांत धोकादायक दाता म्हणजे सोसायटीचा चेअरमन. लॉन कापलं, की पोतं भरून गवत हजर. "ताजं आहे, फुकट आहे." पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत कोमट लागतं, म्हणजे सडायला सुरुवात झाली. शिवाय बारीक कापलेलं, त्यामुळे घोडा न चावता घास कोंबतो आणि नरडं तुंबतं. पोतं परत केलं, तर चेअरमन पार्किंगचा नियम काढतात.

दसऱ्याला पूजेचा उत्साह. झेंडूच्या हाराला माझी हरकत नाही, पण त्यात कोणी कण्हेर गुंफली, तर मी सण-वार बघत नाही. कण्हेरीची मूठभर पानंही घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरेशी, आणि वाळली तरी विष जात नाही. कोंबड्यांचं खाद्य आणणारेही असतात. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध मिसळलेलं असेल, तर घोड्याला थोडंही घातक.

पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा आणि ओल्या खुरांची दुर्गंधी यांचं काम घोड्याची निगा राखणारा मोतद्दार बघतो, नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो. ही माणसं पुण्य कमवायला येत नाहीत, त्यामुळे त्यांचा त्रास नाही.

खरी गर्दी होते ती पोट दुखायला लागल्यावर. घोडा कुशीकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद बंद. चंदी-वैरण उचलायची, जबड्याखाली नाडी मोजायची (मिनिटाला २८ ते ४४ ठीक, साठीच्या वर गेली तर प्रकरण गंभीर) आणि डॉक्टरांना फोन. तेवढ्यात कोणी हिंगाचं पाणी सुचवतं, कोणी नळकांड्याने एरंडेल ओतायला निघतं. तेल फुप्फुसात गेलं, तर पोटाआधी न्यूमोनियाने जायचा. डॉक्टर नाकातून नळी घालतात, ते याच कारणाने.

डॉक्टर आल्याआल्या विचारतात, "काय खाल्लंय?" फाटकाशी जमलेल्यांना एकदम घरची कामं आठवतात. मागे उरतात फक्त काकू. "एकच लाडू दिला होता हो. आणि तोही साजूक तुपातला."