सोलापुरात काम संपलं? मग विड्या कोण वळतंय?

वर्षातून दोनदा तरी फिरणारा मेसेज पुन्हा आलाय. सोबत पडक्या चिमणीचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: लाल बावट्याच्या संपांनी सोलापूरच्या गिरण्या बुडवल्या, गिरण्यांबरोबर काम संपलं, म्हणून पोरं पुण्याला पळाली, आता आयटी पार्क हाच उपाय.

आधी संप. गिरणी संप म्हटलं की लोकांना दत्ता सामंत आठवतात. तो संप मुंबईचा, जानेवारी १९८२चा. आपली 'जुनी मिल' १८७०च्या दशकात उभी राहिली आणि १९६०च्या दशकातच बंद पडली. लक्ष्मी-विष्णू या दुसऱ्या मोठ्या गिरणीला टाळं लागलं १९९०च्या दशकात. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मृत्यूंना आरोपी एकच? इथेही संप झाले, नाही कोण म्हणतंय. पण जुनाट यंत्रं आणि शेजारच्या गल्लीत स्वस्तात कापड विणणारे यंत्रमाग यांचं नाव मेसेजात कुठेच नाही.

आता 'काम संपलं' हे वाक्य. हे लिहिणारा शहराच्या पूर्व भागात सकाळी कधी फिरलेला नसावा. यंत्रमागाची खडखड गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. आत टॉवेल आणि चादरी निघतात. पुढच्या घरात उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते. भिजवलेलं तेंदूपान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हिशेब हजार विड्यांवर. माल कारखान्यात नेला की तिथे 'छाट' निघते, म्हणजे नापसंत विड्या बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. अशा हजारो बायका या शहरात आहेत, बहुतेक तेलुगू घरांतल्या. ती भोंग्यावर 'कामाला जात' नाही, एवढ्यावरून तिला बेकार धरायचं?

गिरणीबरोबर गेलं ते हजेरीपत्रक, पगाराची तारीख, निवृत्तीचा हिशेब. विडीवालीला कायद्याने १९६६पासून काही हक्क तरी आहेत. मागावरच्या कितीतरी जणांच्या हातात पीएफचा कागदही नाही. शहराजवळच्या कुंभारीत रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत आखली गेली, त्यातली १५,००० जानेवारी २०२४मध्ये दिली गेली. ती विडी, यंत्रमाग आणि अशाच असंघटित कामगारांसाठी आहेत. शहरात कामगारच उरले नसते तर यादी कुणाची केली?

मेसेजाला उत्तर देणारेही एक चूक करतात. 'शहर कुठे ओसाड पडलंय, १९९१ला सहा लाख होतो, २००१ला पावणेनऊ!' अहो, मध्ये १९९२ला हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावंच आत आली. खरा कल पुढच्या दशकात दिसतो: ८.७२ लाखांवरून २०११ला ९.५१ लाख, म्हणजे जेमतेम ९ टक्के. राज्य तेव्हा १६ टक्क्यांनी वाढलं. तेव्हा पोरं बाहेर जातात, हा मेसेजातला एवढाच भाग मला मान्य. शिकलेल्या पोराला मागावर बसायचं नाहीये, आणि बापालाही त्याला बसवायचं नाहीये.

आयटी पार्क खुशाल आणा. त्या पोरातला एखादा परत येईलही. त्याची आई मात्र तोवर हजाराचा हिशेब पुरा करत असेल, आणि तिच्या मजुरीबद्दल मेसेजात एक ओळ नाही.