डॅनियल वेरूळला गेलाच नव्हता

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी तो फॉरवर्ड येतोच. कैलास लेण्याचं जुनं रंगीत चित्र, खाली मजकूर : ‘दोनशे वर्षांपूर्वी थॉमस डॅनियल या इंग्रजाने वेरूळला मुक्काम ठोकून स्वतः रंगवलेलं मूळ चित्र. कॅमेरा नव्हता तेव्हाचा हुबेहूब फोटोच! जगात एकच प्रत.’ यंदा मामांनी पाठवला. तीन वाक्यांत चार चुका.

आधी मुक्काम. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ पासून हिंदुस्थानात पुष्कळ हिंडले, पण वेरूळला गेले नाहीत. १७९३ मध्ये मुंबईत त्यांना जेम्स वेल्स भेटला. हा स्कॉटिश चित्रकार. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा, आणि लेण्यांनी झपाटलेला. वेरूळची रेखाटनं त्याची. १७९५ मध्ये तो वारला. पुढे लंडनमध्ये डॅनियलने त्या रेखाटनांवरून २४ चित्रांचा संच केला, तो १८०३ चा. वेल्सचं नाव संचाच्या शीर्षकपानावरच छापलेलं आहे. फॉरवर्डमध्ये तेवढंच नेमकं गळतं.

आणखी एक नाव गळतं ते आपल्याच माणसाचं. मॅलेट-वेल्स यांच्यासाठी काम करणारा पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट यानेही वेरूळ रेखाटलं होतं. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. आडनाव तांबट, आणि तांब्याच्या पत्र्यांवरून नाव झालं ते दुसऱ्याचं!

तांब्याचा पत्रा म्हणायचं कारण, हे रंगवलेलं चित्र नव्हेच. हा अॅक्वाटिंट पद्धतीचा छाप आहे. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तापवायची, की कण चिकटतात. मग आम्लात बुडवायचं. आम्ल कणांच्या मधली जागा खातं. जिथे उजेड हवा तिथे वार्निश लावून पत्रा पुन्हा आम्लात, असं टप्प्याटप्प्याने. जितका वेळ आम्ल, तितकी गडद छटा. शाई भरून, पुसून, ओलसर कागदावर दाबायचं. रंग नंतर हाताने भरलेले, तेही लंडनमध्ये. अस्सल छापाची सावली भिंगातून बघा : जाळीसारखे वेडेवाकडे कण दिसतात, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो.

छाप म्हटल्यावर ‘एकच प्रत’ निकालातच निघते. हा संच ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ चित्रांच्या मोठ्या प्रकल्पाचा भाग. सगळी १४४ चित्रं मिळून तो प्रकल्प २१० पौंडांना विकला जाई, आणि पुढे त्याची छोट्या आकाराची आवृत्तीही निघाली.

राहिलं ‘हुबेहूब’. इथे मामांना थोडं झुकतं माप देतो. डॅनियल काका-पुतणे प्रवासात कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडणारी पेटी, ती गिरवायची) वापरत, त्यामुळे त्यांच्या इमारतींची मापं बरीच भरवशाची. पण वेरूळच्या चित्रात बघणारा वेल्स, तांब्याचे पत्रे करवून घेणारा डॅनियल आणि रंग भरणारे तिसरेच. शिवाय तो रोमँटिक काळ : भग्न वास्तू, तिच्यापुढे चिमुकली माणसं, वर नाट्यमय आकाश, याची लंडनच्या गिऱ्हाइकाला भारी हौस. म्हणून खांब कुठे आणि जिना कुठे, एवढ्यापुरतं ते चित्र मी साक्षीला घेईन, तेही लेण्याशी ताडून. त्या दिवशी वेरूळवर ढग कसे होते, हे मात्र मामा, त्यावरून सांगू नका.