पाच पानं आणि झोपेची गोळी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच मेसेज फिरतोय. "ब्राह्मी घरी लावा. रोज अनशापोटी पाच पानं चावा. आठ दिवसांत टेन्शन पळेल, झोपेच्या गोळ्या सुटतील. कृष्णाकाठी फुकट मिळते. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य." खाली फोटो, फुलांचं वर्णन आणि हात जोडलेले तीन इमोजी. गच्चीवर मी स्वतः ब्राह्मी लावते, म्हणून गप्प बसवेना.

पहिला घोळ त्या फोटोतच आहे. मजकुरात पांढरट-जांभळ्या फुलांचं वर्णन आहे, ती फुलं नीरब्राह्मीची. तिची पानं बारीक, मांसल, जोडीजोडीने येणारी आणि चवीला कडू. फोटोतली गोल, दातेरी कडांची, लांब देठाची पानं मात्र मंडूकपर्णीची. ही कोथिंबिरीच्या कुळातली, नीरब्राह्मीशी तिचं दूरचंही नातं नाही. रोपवाटिकेत दोन्ही 'ब्राह्मी' म्हणूनच हातात पडतात. चरकसंहितेतल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीसाठीच्या रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस) आहे, सोबत ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. मग मेसेजमधली पाच पानं कुणाची? नीरब्राह्मीची पाच पानं बोटाच्या पेरावर मावतात, मंडूकपर्णीच्या पाच पानांनी तळहात भरतो.

आठ दिवसांचा वायदा तर निव्वळ थाप. नीरब्राह्मीचे माणसांवर जे प्रयोग झाले, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत रोज 300 मिलिग्रॅमच्या आसपास अर्क सुमारे 12 आठवडे दिला होता. त्यातही फायदा दिसला तो मुख्यतः स्मरणशक्तीत. चिंता आणि झोपेबद्दलचा पुरावा तोकडाच आहे. शिवाय तो मोजून दिलेला अर्क होता, कुंडीतलं पान नव्हे.

'कृष्णाकाठी फुकट' वाचून मला खरी धास्ती वाटली. नीरब्राह्मी ज्या चिखलात वाढते त्यातलं शिसं, कॅडमियम शोषून घेते, इतकं की दूषित पाणी स्वच्छ करायला तिचा उपयोग होईल का यावर संशोधन झालंय. कृष्णेत मिसळणारं शेरीनाल्याचं सांडपाणी हा तर सांगलीकरांचा वर्षानुवर्षांचा विषय. त्या काठाची पानं उपटून कच्ची चावायची? धातू नसले तरी जंतू आहेतच, आणि ते धुऊन सगळे जातील याची खात्री नाही.

घरी लावणं उत्तम, ते मेसेजवाल्याचं बरोबर आहे. पण कशी लावायची ते त्याने सांगितलेलंच नाही. बी शोधत बसू नका, पेऱ्याला मुळं फुटलेला तुकडा पुरतो. मी पसरट प्लॅस्टिकचं घमेलं घेतलं, त्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती घातली होती तेव्हा ती वाळून भेगाळली आणि रोप गेलं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दुपारची सावली हवीच. माती सतत ओली ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका, नाहीतर ब्राह्मीआधी डासांची पैदास होईल.

'अपाय शून्य' हेही खोटं. नीरब्राह्मीने मळमळ, पोटात मुरडा, पातळ शौच होऊ शकते. मंडूकपर्णीने यकृताला इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने दोन्ही घेऊ नयेत. झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर गुंगी वाढायचा धोका वेगळाच.

आणि गोळी सोडण्याबद्दल. शेजारच्या काकू कठड्यापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, तुझी चार पानं दे, आजपासून गोळी बंद करते." त्या तीन वर्षं रोज गोळी घेतात. म्हटलं, "काकू, अशी एकदम सोडू नका." रोजच्या सवयीची झोपेची गोळी अचानक थांबवली तर झोप आणखी उडते, काही प्रकारच्या गोळ्यांत झटकेसुद्धा येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

काकूंना मी मंडूकपर्णीचा मुळासकट एक तुकडा दिलाय, चटणीत अधूनमधून घालायला. गुरुवारी त्या गोळ्यांची स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहेत, आणि चटणीचंही विचारणार आहेत.