हरकत नाही

नोटीस मला सापडली ती स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलेल्या पेपरात. मुंग्या झाल्या म्हणून साखरेचा डबा उचलला, तर खाली 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 अन्वये फेरबदल'. पेपर 23 दिवसांपूर्वीचा. सूचना-हरकतींना मुदत एक महिना. म्हणजे उरले सात दिवस, त्यात एक रविवार.

विषय आमच्या सोसायटीमागच्या मैदानाचा. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. नकाशात ते हिरवंगार, प्रत्यक्षात धुळीचं. त्यातला निम्म्याहून जास्त तुकडा पिवळा, म्हणजे रहिवासी, करून तिथे इमारती उभ्या राहणार आणि उरलेल्या कोपऱ्यात 'मनोरंजन केंद्र' होणार.

"बायका नाचवणार का हो तिथे?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

रिक्रिएशन सेंटर म्हणजे कॅरम, टेबल टेनिस असं काहीतरी, हे मी समजावलं. काकूंचा चेहरा जरा उतरलाच. सही मात्र त्यांनी ठळक केली.

सोसायटीच्या मीटिंगला कधी नव्हे तो कोरम भरला. सेक्रेटरींना एवढंच हवं होतं, की आपल्या फ्लॅटचे भाव यामुळे चढणार की पडणार. त्यावर त्यांची निसर्गाबद्दलची भूमिका ठरणार होती. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी कलम 127 काढलं. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत पालिकेने जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडतं. पालिकेकडे भूसंपादनाला पैसे नसतात, मालकाला थांबायचं नसतं, म्हणून असे मधले मार्ग निघतात. खरं सांगायचं तर मला मालकाचं म्हणणं थोडंफार पटलं. आपली जमीन लोकांच्या नातवंडांसाठी किती वर्षं राखून ठेवायची? पण हे त्या मीटिंगमध्ये बोललो असतो, तर मलाच आरक्षणातून वगळलं असतं.

हरकतीचा मसुदा मी लिहिला. 'मैदान हे शहराचे फुफ्फुस आहे' या वाक्यावर मी खूश होतो. सुनावणीच्या दिवशी कळलं, की माझ्याआधीच्या प्रत्येकाकडे तेच फुफ्फुस आहे.

सुनावणी अकराची, माझा नंबर 64. दीड वाजता एक आजोबा काठी टेकत आले. क्लार्कने मला विचारलं, "यांना तुमच्या आधी पाठवू का?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

त्याने रजिस्टरवरून मान वर केली. "मग आलात कशाला?"

जन्मभराची सवय. धक्का लागला, हरकत नाही. उशीर झाला, हरकत नाही. एकदाच हरकत घ्यायची वेळ आली, तर तोंडातून हेच.

इंजिनिअरांनी येताना नातवाला आणलं होतं, शाळा बुडवून. वय वर्षं दहा. त्यांच्या मते अधिकाऱ्यांसमोर भावी पिढी उभी केली, की कलमबिलम काही लागत नाही. आमचा पुकारा झाला. मी फुफ्फुसापर्यंत पोचलो तोच साहेबांनी हात वर केला. सकाळपासून त्यांनी फार फुफ्फुसं ऐकली असावीत. ते पोराकडे वळले.

"काय रे, खेळतोस का मैदानावर?"

"हो. क्रिकेट."

"रोज?"

"रोज नाही. या काकांची गाडी नसते तेव्हा." बोट सरळ माझ्याकडे. "ती बरोब्बर पिचवर असते. आणि बॉल लागला की काका बॉल परत देत नाहीत."

साहेबांनी माझ्या अर्जाला जोडलेला फोटो उलटसुलट करून पाहिला. मैदानाची सद्यःस्थिती दाखवायला मीच काढलेला. मधोमध, निळं कव्हर घातलेली, माझी गाडी.

"पार्किंगचं आरक्षण मागायचंय का तुम्हाला?" ते म्हणाले, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते बघायचं धाडस मला झालं नाही.

परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मागच्या सीटवरून पोराने हळूच विचारलं, "काका, डिकीत किती बॉल आहेत?"

अकरा निघाले.