वीस वॅटचा बल्ब आणि हजार वॅटचा पार

हौशी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. स्पर्धांचा हंगाम जवळ आला की तो हमखास वर येतो. मजकूर थोडक्यात असा : जुने पार, फ्रेनेल, प्रोफाइल (रंगमंचावरचे झोतदिवे) भंगारात घालू नका. आतला हॅलोजन काढा, अडॅप्टर लावून बाजारातला २० वॅटचा एलईडी बल्ब बसवा. उजेड तेवढाच, जुना डिमर (उजेड कमीजास्त करणारं यंत्र) चालतो, दिवा तापत नाही, बल्ब ५०,००० तास टिकतो आणि बिल ९८ टक्क्यांनी उतरतं.

भंगारात घालू नका, एवढं पहिलं वाक्य मान्य. पुढचं मात्र एकेक तपासायला हवं.

‘उजेड तेवढाच.’ रंगमंचाचा १००० वॅटचा हॅलोजन साधारण २० ते २५ हजार ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड) देतो. एलईडी बल्बला वॅटमागे १०० ल्युमेन धरले, तर २० वॅटमध्ये मिळतात २,०००. म्हणजे फार तर दहावा हिस्सा. पण खरी गोम ल्युमेनमध्ये नाही. पार ६४ चा डबा मागून उघडून बघा. दिव्याखेरीज आत काहीही नसतं : पत्र्याची नळी, मागे झाकण, पुढे जिलेटीनची, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाची, चौकट. आरसा आणि भिंग दोन्ही त्या सीलबंद दिव्यातच असतात, आणि नेमका तोच दिवा हा निरोप तुम्हाला काढायला सांगतो. मध्यम झोताचा सीपी ६२ दिवा मधोमध सुमारे १,२५,००० कॅन्डेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचा जोर) फेकतो. ५ मीटरवर ५,००० लक्स (त्या जागी प्रत्यक्ष पडणारा उजेड). त्याच्या जागी २,००० ल्युमेनचा उघडा बल्ब सगळीकडे सारखा सांडला, तर एका दिशेला जातात १६० कॅन्डेला, आणि त्याच अंतरावर पोचतात ६ लक्स. डबा आतून मस्त उजळतो. नट अंधारात.

फ्रेनेल आणि प्रोफाइलमध्ये आरसा दिव्याच्या घरातच पक्का असतो, त्यामुळे तिथे तरी जमेल असं वाटतं. तिथे प्रश्न येतो आकाराचा. आरसा आणि भिंगाची सगळी मांडणी अंगठ्याच्या नखात मावेल एवढ्या तंतूभोवती, मिलिमीटर मोजून केलेली असते. त्या जागी चहूबाजूंनी चिप लावलेलं लांबलचक एलईडी ‘कणीस’ उभं केलं, की फ्रेनेलची सरकखुंटी कितीही पुढेमागे करा, झोत बारीक होत नाही. प्रोफाइलमध्ये तर बराचसा उजेड गेटमधून, म्हणजे झोताला आकार देणाऱ्या खिडकीतून, बाहेरच पडत नाही, आणि जो पडतो तो डागाडागांचा.

‘जुना डिमर चालतो.’ चालतो, म्हणजे स्फोट होत नाही. थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारे हे डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाची सुरुवात कापतात आणि त्यांना समोर बऱ्यापैकी वीज खाणारा दिवा, म्हणजे भार, लागतो. एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे बल्बमधल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटला, ही कापलेली वीज मानवत नाही. लीव्हर खाली आणताना बल्ब फडफडतो आणि तळाजवळ येताच पटकन विझतो. अंकाच्या शेवटी दहा सेकंदांत हळूहळू अंधार (फेड) व्हायचा, तिथे कुणीतरी बटण बंद केल्यासारखं दिसतं. गंमत त्यापुढे आहे. डिमर शून्यावर असतानाही त्यातून थोडी वीज झिरपते. हजार वॅटच्या तंतूला तिचा पत्ता लागत नाही; एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणत राहतो, आणि ब्लॅकआउटमध्ये पलंग उचलणारी पोरं पहिल्या रांगेला साफ दिसतात. डिमरला पुरेसा भार मिळावा म्हणून त्याच सर्किटवर विंगेमागे एक हॅलोजन जळत ठेवतात. मग वाचवलं काय? खोक्यावर ‘डिमेबल’ छापलेलं असतं ते घरातल्या डिमरसाठी.

शिवाय हॅलोजन मंद होताना तांबूस होत जातो. संध्याकाळचा प्रसंग त्या तांबूसपणावरच उभा असतो. साधा एलईडी मंद झाला तरी रंगाने तसाच राहतो, आणि स्वस्त मालात लाल कमी पडत असल्यामुळे कुंकू आणि लाल शालू दोन्ही विटके दिसतात. युरोपीय संघाने २०२१ पासून दिव्यांचे नियम कडक केले, तेव्हा रंगमंचाच्या ठरावीक दिव्यांना सूट दिली. बल्ब बदलून भागलं असतं, तर त्या सवलतीसाठी नाटकवाल्यांना २०१८ मध्ये मोहीम उघडावी लागली नसती.

‘तापत नाही, ५०,००० तास टिकतो.’ पुढे उष्णता फेकत नाही, हे खरं. जिलेटीन जळत नाही, नट घामाघूम होत नाहीत, हा फायदा मोठाच आहे. पण चिपची उष्णता मागे साठते आणि बंद डब्यात ती ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरला खाते. तापमान १० अंशांनी वाढलं की दर वेळी त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

बिलाचं म्हणाल, तर ९८ टक्के हे दहाव्या हिश्शाच्या उजेडाचं बिल आहे. त्याच हिशेबाने तोडीस तोड उजेडाला २०० ते २५० वॅट लागतात. तरी ७५ ते ८० टक्के वाचतात, आणि जनरेटरवर चालणाऱ्या जत्रेतल्या नाटकाला, दशावताराला ते फार मोलाचे आहेत. हॉलमधल्या एका प्रयोगाला मात्र वीसेक युनिट जळतात. युनिट पंधरा रुपयांचं धरलं तरी तीनशे रुपये. त्यापायी फेड घालवायचा?

जुनं वाचवायचंच असेल, तर भिंगाची नळी ठेवा आणि मागचं दिव्याचं घर अख्खं बदला. ईटीसी कंपनीच्या सोर्स फोर या प्रोफाइल दिव्यासाठी असं एलईडी इंजिन कंपनीच विकते. साधे एलईडी बल्ब विंगेतल्या निळ्या दिव्यांना, प्रेक्षागृहाला, सेटवरच्या टेबललॅम्पला खुशाल लावा. आणि फार जुना दिवा उघडलात आणि होल्डरच्या वायरीवर पांढुरकं, सुती दिसणारं वेष्टण दिसलं, तर ते खरवडू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं.