अशक्तपणावर सरसकट शहाळे: एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की दरवर्षी तोच संदेश मोबाईलवर फिरू लागतो: थकवा आला, पायात गोळे आले, की पोटॅशियम घटले असे समजावे, रोज शहाळे आणि दोन केळी घ्यावीत, कमी सोडियमचे मीठ वापरावे, जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे अपाय कोणालाच नाही. डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून या सल्ल्याचे परिणाम मी पाहते, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले विधान लक्षणाचे. रक्तात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते; ते घटले तरी स्नायू गळतात आणि फार वाढले तरी गळतात, त्यामुळे रक्ततपासणी आणि ईसीजीशिवाय निदान होत नाही. शिवाय घामातून पोटॅशियमपेक्षा सोडियम कितीतरी जास्त जाते.

सर्वांत घातक विधान लघवीचे आहे. निरोगी मूत्रपिंडांपुरते ते खरे आहे. पण मूत्रपिंड निकामी झालेल्यांत आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांत पोटॅशियम साचू शकते. यंत्रमागावर उमर घालवलेले एक काका मे महिन्यात एक डायलिसिस चुकवून आले, तेव्हा त्यांना पाय उचलवत नव्हते आणि मॉनिटरवर ईसीजीतल्या टी लहरी (प्रत्येक ठोक्यानंतरचा उंचवटा) तंबूसारख्या टोकदार दिसत होत्या, ही पोटॅशियम वाढल्याची खूण. पोटॅशियम सातच्या वर होते. डॉक्टरांच्या आदेशानुसार कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश दिले. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला संरक्षण मिळते. पाठोपाठ इन्सुलिन व ग्लुकोज देऊन पोटॅशियम काही तासांपुरते पेशींत ढकलले, रक्तातील साखर पुन्हा पुन्हा पाहिली आणि डायलिसिस सुरू केले. सूनबाई म्हणाल्या, "सिस्टर, शहाळं तर आजाऱ्यालाच देतात ना?" त्यांचा काय दोष!

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांनी आणि वरची औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे.

संदेशात तथ्यही आहे. जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम खरोखर घटते आणि डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याला ती घट विशेष धोक्याची असते. मात्र तेव्हाही अहवाल पाहूनच ते भरून काढतात. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन शिरेत थेट कधीच देत नाहीत, कारण हृदय बंद पडू शकते; ते सलाइनमध्ये पातळ करून, हाताच्या शिरेतून सहसा तासाला 10 मिलीइक्विव्हॅलंटपर्यंतच सोडतात.

काकांच्या सूनबाई आता भाजीतले पोटॅशियम कमी व्हावे म्हणून ती चिरून भरपूर पाण्यात उकळतात, ते पाणी ओतून देतात आणि दर खेपेला आधी अहवालातला आकडा विचारतात.