घर बदलताय? आजार जुन्याच घरी ठेवून या

घर बदलायचं ठरलं की लोक विचारतात, पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, शाळा जवळ आहे का. भाबडे लोक. घरात दर तीन महिन्यांनी स्पेशालिस्टकडे न्यावं लागणारं माणूस असेल, तर माझा पहिला सल्ला असा की ट्रक बोलवायच्या आत ते माणूस बरं करून घ्या. आमच्या सासूबाईंना अकरा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आहे, म्हणजे आमवात. सकाळी तास-दीड तास मुठी वळत नाहीत. एवढ्या अवधीत बरं होणं त्यांना जमलं नाही, हा दोष सर्वस्वी त्यांचा. त्यामुळे नाशिकहून पुण्याला येताना कपाट आलं, वॉशिंग मशीन आलं, तुळस आली आणि मागोमाग आमवातही आला.

फाइल फार नीट पॅक करा. मी केली होती. तेराव्या दिवशी ‘किचन ३’ लिहिलेल्या खोक्यात मिक्सरचं भांडं आणि इडलीपात्र यांच्या मधे सापडली.

जुन्या हॉस्पिटलकडून कागद मागायला जाणार असाल, तर डबा घेऊन जा. मी एवढंच म्हणाले होते की आम्ही गाव सोडतोय, आजवरच्या उपचाराचा एक पानी सारांश द्या. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या माहेरचे दागिने मागतेय. अर्ज द्या. पेशंटला घेऊन या. पेशंट आहे? मग आधारची झेरॉक्स आणा. आणली? रेकॉर्डवाले साहेब मंगळवारी येतात. कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, २००२ सालचा. मी तो म्हणून दाखवला. “मॅडम, ते ठीक आहे, पण प्रिंटर बंद आहे.” शेवटी हातात पडली ती एक सीडी. आमच्या घरात सीडी घालता येईल अशी एकच वस्तू होती, ती आम्ही दिवाळीत भंगारात दिली.

जुनेच डॉक्टर ठेवायचेत? जरूर ठेवा. चाकणचा ट्रॅफिक पाहून आलात की सांगा.

आभा हे सरकारचं आरोग्य कार्ड मात्र काढाच. चौदा आकडी नंबर, सगळे रिपोर्ट एका जागी, तुम्ही संमती दिली की कुठल्याही गावातला डॉक्टर बघू शकेल. २०२१ पासून ही योजना देशभर आहे. मी सासूबाईंचं काढलं, लॅमिनेट केलं, नव्या हॉस्पिटलात अभिमानाने पुढे केलं. रिसेप्शनवरच्या मुलाने ते उलटंसुलटं करून परत दिलं आणि विचारलं, “जुनी फाइल आणलीय ना?”

आता अपॉइंटमेंट. संधिवाताचे तज्ज्ञ गल्लोगल्ली नसतात, त्यामुळे फोन केल्यावर अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली आणि मी आभार मानले. मी मूर्ख. तारीख मिळणं आणि तारीख असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुण्यात कळलं. ठरल्या दिवशी सासूबाई पहाटे उठल्या, कारण दुपारी चारला निघायचं तर बोटं दुपारपर्यंत मोकळी व्हायला हवीत. नेसायला इस्त्रीची साडी. रिक्षातून उतरताना दोन्ही हातांनी दांडा धरायचा, तो धरवत नाही, मग मी कमरेला धरून उतरवलं. आत गेलो. “नाव लिस्टमध्ये नाहीये.” कसं नाही? “काल कन्फर्मेशनचा कॉल केला होता, उचलला नाही. स्लॉट दुसऱ्यांना दिला.” फॉर्मवर दोन नंबर होते, माझा आणि नवऱ्याचा. त्याच्या नंबरवर पावणेबाराला एक मिस्ड कॉल. एक. तो मीटिंगमध्ये होता. माझा नंबर त्याच्याच खाली, त्याच पेनाने, ठसठशीत लिहिलेला. “दोन-दोन नंबर लावत बसलो तर कसं चालेल मॅडम?” खरंच, कसं चालेल. पुढची तारीख तेवीस दिवसांनी. घरी आल्यावर सासूबाईंनी साडीची घडी घातली आणि म्हणाल्या, जाऊ दे गं, तेवढीच पुन्हा एकदा इस्त्री वाचली.

मधल्या काळात गोळ्या संपतील. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणेल, चिठ्ठी जुनी आहे, नवीन आणा. नवीन चिठ्ठी डॉक्टर देतील. डॉक्टर तेवीस दिवसांनी आहेत. हा हिशेब तुम्ही सोडवा, मला शाळेत गणिताला काठावरचे मार्क होते.

तेवीस दिवसांनी नाव लिस्टमध्ये होतं. चार दहाची वेळ, सव्वासातला आत घेतलं. तेही थेट डॉक्टरांकडे नाही. आधी असिस्टंट हिस्टरी घेतात. “कधीपासून दुखतंय?” अकरा वर्षं. “आधी कुठे दाखवलंय?” फाइल समोरच होती, चार इंच जाड. तिने पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, मिटली. रक्ताच्या तपासण्या बारा दिवसांपूर्वीच्या होत्या, सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन सगळं. “बाहेरच्या लॅबचे सर बघत नाहीत.” ठीक. पुन्हा सुई. सासूबाईंची शीर तिसऱ्या टोचणीला सापडते, तेही ठीक.

मग तिने कॉम्प्युटरवर चालू गोळ्यांची यादी भरली आणि प्रिंट काढून माझ्या हातात दिली. मी पर्समध्ये ठेवणार, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा मागितला. कागद लांब धरून वाचला आणि हळूच म्हणाल्या, “बाळ, ही गोळी मंगळवारची असते.”

मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा घ्यायची. यादीत पुढे छापलं होतं, रोज १.

मंडळी, इथून पुढे मला विनोद सुचत नाही. ही गोळी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जातो. हे मला कोणी डॉक्टरने सांगितलेलं नाही, अकरा वर्षं फाइल वाहून कळलंय. नाशिकच्या प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘फक्त मंगळवारी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा बघायला फाइल उघडावी लागते! सातवी शिकलेली, बोटं वाकडी झालेली बाई चष्मा लावून वाचते, आणि तुम्ही एवढ्या डिग्र्या घेऊन पान उलटत नाही? त्या मुलीने “अरे हो, सॉरी, डीफॉल्ट आलं” म्हणून दुसरी प्रिंट काढली. पहिली तशीच टेबलावर पडली होती, ती मी उचलून आणली. घरी आहे.

फोन एकदा वाजवून ठेवून देता, दुसरा नंबर लावायला हात दुखतात का? हात दुखणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर आमच्या घरी सकाळी सहाला या. आणि जुन्या हॉस्पिटलवाल्यांनो, कोणती गोळी, किती, कोणत्या वारी, एवढ्या चार ओळी कागदावर लिहून द्यायला तुम्हाला साहेब, मंगळवार आणि प्रिंटर लागतो? अकरा वर्षं फी घेताना प्रिंटर कधी बंद नव्हता. पावती दर वेळी मिळाली.